मुंबई शहरातील उत्सव : तिथी, वाट आणि पाणी

१

मुंबईच्या उत्सवांविषयी जे लेखन आजवर झाले आहे त्यात दोन चित्रे वारंवार आढळतात. पहिल्या चित्रात हे शहर सर्व धर्मपंथांच्या लोकांनी एकमेकांच्या सणांत निःसंकोचपणे मिसळण्याचे स्थान आहे. येथील हिंदू ताबुतांना नवस करतो, मुसलमान व हिंदू वांद्र्याच्या मोत माउलीला मेणबत्ती लावतात, आणि माहीमच्या उरुसात पोलिसांची चादर मानाने पुढे चालते. दुसऱ्या चित्रात मिरवणूक म्हणजे दंग्याची पूर्वसूचना होय. वाजंत्री, मशीद, दगडफेक आणि गोळीबार हा तिचा ठरलेला क्रम. पहिले चित्र स्मरणिकांतून व दुसरे चौकशी-अहवालांतून प्रामुख्याने उभे राहिले आहे. दोहोंना आधार आहे; परंतु दोहोंतही एक उणीव आहे. उत्सव हा लोकांच्या मनोभावनेचा केवळ आविष्कार आहे, असे दोन्ही चित्रे गृहीत धरतात. मने जुळलेली असली की सण सुखाने पार पडतात आणि मने दुभंगली की दंगा होतो, असा हा सरळ हिशेब आहे.

प्रस्तुत लेखात ह्या हिशेबाला थोडी मुरड घालण्याचा यत्न केला आहे. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात उत्सव करणे म्हणजे तीन गोष्टींवर काही काळापुरता हक्क सांगणे होय. त्या तीन गोष्टी म्हणजे तिथी, वाट आणि पाणी. अमुक दिवस आमचा, अमुक रस्ता आमचा आणि शेवटी अमुक किनारा आमचा, असे प्रत्येक समाज सांगत असतो. आणि ह्या तीनही गोष्टी मोजक्याच असल्यामुळे त्यांची वाटणी करावी लागते. मुंबईतील सलोखा हा ह्या वाटणीतून घडला, आणि वाटणी मोडली तेव्हा तो मोडला. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे सलोखा ही वारशाने मिळालेली ठेव नसून पुन्हापुन्हा करावा लागणारा व्यवहार आहे, असे दिसून येते.

२

प्रश्नाचे मूळ शहराच्या स्थापनेतच आहे. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या १६६१ च्या तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली व १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेली. व्यापारी व कारागीर ह्या बेटावर येऊन राहावेत म्हणून गव्हर्नर जेराल्ड आँजिअर ह्याने धर्मस्वातंत्र्याचे आश्वासन हे एक मुख्य आमिष म्हणून वापरले. दीव येथील नीमा पारख ह्या वाण्याने १६७७ मध्ये कंपनीकडे ज्या सवलती मागितल्या त्यांत आपल्या लोकांस आपले धर्मविधी मोकळेपणी करता यावेत, विवाह व अंत्यसंस्कार आपल्या रीतीने करता यावेत आणि आपल्या वाड्याच्या आवारात परधर्मीयाने राहू नये व कोणी जीवहत्या करू नये, अशा मागण्या होत्या. कंपनीने त्या बहुतांशी मान्य केल्या.

ह्या करारात एक मर्यादा दडलेली आहे. त्यातील स्वातंत्र्य भिंतीच्या आतले आहे. प्रत्येक जमातीने आपापल्या आवारात आपला धर्म पाळावा, ही त्यातील कल्पना. जोवर वस्ती विरळ होती तोवर ही योजना पुरेशी होती. परंतु १८६४ च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ इतकी भरली, आणि तोवर दक्षिणेकडील बेटांवर कोकणी मुसलमान, मेमण, खोजे, बोहरे, इराणी, पारशी, भाटिये, वाणी, पाठारे प्रभू, शेणवी, कामाठी, कोळी, बेने इस्राएल, देशी ख्रिस्ती असे अनेक समाज एकमेकांस खेटून राहू लागले होते. भिंतीच्या आतील धर्मास कोणी हरकत घेत नव्हते. परंतु सण दाराबाहेर येतो. दाराबाहेरचा रस्ता कोणाचा, ह्याविषयी १६७७ च्या करारात एक अक्षरही नव्हते.

गोविंद नारायण माडगांवकर ह्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. ह्या शहरावर मराठीत लिहिलेला हा पहिला विस्तृत ग्रंथ. शहराचे वर्णन करावयाचे म्हणजे त्यातील निरनिराळ्या जातींचे, त्यांच्या देवस्थानांचे व जत्रांचे वर्णन करावयाचे, हे लेखकाने गृहीतच धरलेले आहे. माडगांवकरांच्या काळी शहराची ओळख सणांवाचून पुरी होत नव्हती, हे एवढ्यावरूनही कळते.

३

प्रथम तिथीचा विचार करू. मुंबईत एकाच वेळी अनेक पंचांगे चालतात व त्यांची गती एकसारखी नाही. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असून ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे मोहरम दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे येतो. हिंदूंचे वर्ष चांद्र-सौर. सुमारे ३२–३३ महिन्यांनी अधिक मास घालून ते ऋतूंशी जुळवून घेतले जाते. ख्रिस्ती सणांपैकी नाताळ व मेरीचा जन्मदिन हे सौर तारखांना बांधलेले आहेत. पारशांचे वर्ष ३६५ दिवसांचे. त्यात लीप दिवसाची योजना नसल्याने त्यांचा नवरोज चार वर्षांनी एक दिवस मागे सरतो. शिवाय सुरतेस १७४५ मध्ये पंचांगावरून फूट पडल्याने शहेनशाही व कदमी असे दोन पक्ष झाले व त्यांच्या वर्षारंभात एका महिन्याचे अंतर राहिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी २१ मार्च हा वर्षारंभ मानणारा फसली पक्षही मुंबईत संघटित झाला. एका लहानशा समाजाचे तीन वर्षारंभ एका शहरात नांदले. पंचांगभेद हा केवळ धर्माधर्मांतील भेद नाही, हे ह्यावरून स्पष्ट होते.

बेने इस्राएलांचे उदाहरण निराळ्या दृष्टीने उद्बोधक आहे. कोकणातून मुंबईस आलेल्या ह्या यहुदी समाजाने आपल्या सणांना मराठी नावे दिली होती. यहुदी वर्षारंभ हा त्यांचा ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताचा दिवस हा ‘दारफळणीचा सण’, आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाचा शोकदिन हा ‘बिरड्याचा सण’. त्या दिवशी दार लावून घरात बसावयाचे, किंवा बिरडे शिजवावयाचे, ह्यावरून ही नावे पडली. तिथी हिब्रू, परंतु नाव व पदार्थ कोकणी घरातले. मांडवीजवळ १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनी बांधविलेले सिनेगॉग हे मुंबईतील ह्या समाजाचे पहिले प्रार्थनास्थान होय. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्याच समाजात बायबलातील कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. सणाचा आशय आपला व त्याचे रूप शेजाऱ्याचे, अशी ही देवघेव होती. ती शांतपणे झाली, कारण ती घराच्या व प्रार्थनामंदिराच्या आत झाली.

पंचांगांच्या ह्या निरनिराळ्या गतींचा परिणाम असा की कोणतेही दोन सण कायमचे दूर राहू शकत नाहीत. हिजरी वर्ष सुमारे ३२–३३ सौर वर्षांत ऋतुचक्राची एक फेरी पुरी करते. म्हणून दर पिढीला एकदा मोहरम भाद्रपदात येतो, व तसाच कधी आश्विनात, कधी फाल्गुनात येतो. हा योग कोणी ठरवीत नाही व कोणास टाळताही येत नाही. त्या वेळी शहराने काय करावयाचे, एवढेच माणसांच्या हाती असते.

४

दुसरी गोष्ट पाण्याची. मुंबई मूळची बेटांची असल्याने येथील बहुतेक मोठे सण अखेर किनाऱ्याकडे वळतात. नारळी पौर्णिमेस कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करून पावसाळ्यानंतरच्या दर्यावर्दी हंगामाचा आरंभ करतो. गणपतीचे विसर्जन गिरगाव चौपाटीवर होते. ताबूत ‘थंड’ करण्यासाठी पाण्याकडेच नेले जात. पारशी आवां महिन्यातील आवां रोजास समुद्रतीरी प्रार्थना करतात. नव्याच्या सणाला यहुदी पाण्याकाठी जाऊन पापक्षालनाची प्रार्थना म्हणतात. अलीकडच्या काळात उत्तर भारतीयांची छठपूजा जुहूच्या किनाऱ्यावर होते. इतक्या भिन्न श्रद्धांनी एकच जल पवित्र मानावे, ह्यात तत्त्वज्ञानाचा भाग किती व भूगोलाचा किती हे सांगणे कठीण आहे. परंतु ह्या शहरात समुद्र हा सर्वांचा सामाईक शेवटचा मुक्काम ठरला, हे निश्चित.

वांद्र्याची जत्रा हे ह्याचे उत्तम उदाहरण होय. मेरीचा जन्मदिन ८ सप्टेंबर. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर ही जत्रा भरते. येथील मूळचे देऊळ मराठ्यांच्या साष्टी-वसईच्या मोहिमेच्या काळात, १७३८–३९ मध्ये नष्ट झाले. मूर्ती समुद्रात एका कोळ्यास सापडली, अशी लोककथा आहे. १७६१ मध्ये देऊळ पुन्हा उभे राहिले. सध्याची वास्तू १९०४ ची असून तिचा आराखडा शापूरजी चांदाभॉय ह्या पारशी वास्तुशिल्पकाराचा आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट रस्त्याची. पूर्वी माहीमहून वांद्र्यास जावयाचे तर खाडी नावेने ओलांडावी लागे. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या पत्नी अवाबाई ह्यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले व १८४५ मध्ये माहीमचा बांध वाहतुकीस खुला झाला. एका पारशी बाईच्या दानाने बांधलेल्या वाटेवरून हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती यात्रेकरू मेरीच्या दर्शनास जाऊ लागले. ह्यात ऐक्याची घोषणा कोठेही नाही. केवळ एक रस्ता आहे.

त्या बांधाच्या अलीकडच्या टोकाशी मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) ह्या कोकणी विद्वानाचा दर्गा आहे. कुराणावर अरबी भाष्य लिहिणारा हा पंडित लोकांच्या श्रद्धेत पीर झाला. डिसेंबरमध्ये दहा दिवस चालणाऱ्या त्याच्या उरुसात संदलाचा व चादरीचा पहिला मान मुंबईच्या पोलिसांचा असतो व त्यांची मिरवणूक माहीमच्या पोलीस ठाण्यापासून निघते. मिरवणुकींवर नियंत्रण ठेवणारी संस्थाच येथे मिरवणुकीत अग्रभागी चालते, ही मुंबईच्या उत्सवांतील अपूर्व घटना म्हटली पाहिजे.

५

आता वाटेचा, म्हणजे मिरवणुकीच्या मार्गाचा विचार करू. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचा सर्वांत मोठा रस्त्यावरचा सण गणेशोत्सव नव्हता. तो मोहरम होता. हसन व हुसेन ह्यांच्या स्मरणार्थ निरनिराळ्या मोहल्ल्यांतून ताबूत उभारले जात. मोहल्ल्यामोहल्ल्याच्या टोळ्या आपापले निशाण, ढोल-ताशे व मशाली घेऊन रात्री बाहेर पडत. वाटसरूंसाठी सरबताच्या सबिली लागत. वाघाची सोंगे, फकिरांचे वेश, नवसाचे पंजे ह्यांनी रस्ते गजबजून जात. शियापंथीय इराण्यांच्या शोकविधीपेक्षा सुन्नी मोहल्ल्यांतील हा प्रकार पुष्कळच निराळा होता. त्यात शोकाइतकाच खेळ होता, आणि त्यात हिंदूही मोठ्या संख्येने सामील होत. महाराष्ट्रातील अनेक गावी हिंदू ताबूत बसवीत. मुंबईतही कारागीर व कष्टकरी वर्गांतील हिंदूंनी मोहरम आपलाच सण मानला होता.

तथापि हा सहभाग म्हणजे निर्वेध मैत्री असे समजणे चूक ठरेल. टोळ्याटोळ्यांत चढाओढ असे, व तिचे स्वरूप हिंदू विरुद्ध मुसलमान असे नसून मोहल्ला विरुद्ध मोहल्ला, आणि पुष्कळदा सुन्नी विरुद्ध बोहरे वा शिया असे असे. पोलिसांना ह्या दहा रात्रींची धास्ती वाटे. १८५७ च्या ऑगस्टमध्ये मोहरम आला तेव्हा चार्लस् फॉर्जेट ह्या पोलीस अधिकाऱ्याने शहरावर करडी नजर ठेवली होती; आणि त्याच वर्षी पलटणींतील शिपायांनी दिवाळीत उठाव करण्याचा बेत केल्याचे त्याने उघडकीस आणले. सणाच्या दिवशी गर्दी जमते आणि जमलेल्या गर्दीत सत्ता दुबळी होते, हे भय राज्यकर्त्यांच्या मनातून पुढे कधीच गेले नाही.

६

१८९३ हे वर्ष ह्या इतिहासाचे वळण होय. त्या वर्षी जुलैमध्ये मोहरमच्या सुमारास काठेवाडात प्रभासपट्टण येथे दंगा झाला. त्याची बातमी मुंबईस पोहोचल्यावर येथील वातावरण तापले, आणि शुक्रवार, ११ ऑगस्ट १८९३ रोजी जुमा मशिदीच्या परिसरात दंग्यास तोंड लागले. लष्कर बोलवावे लागले; अनेक दिवस शहराचा व्यवहार बंद पडला व सुमारे ७५ ते ८० माणसे मृत्युमुखी पडली. मिरवणूक काठेवाडातली व प्रेते मुंबईतली, असा हा प्रकार होता. आगबोट, आगगाडी, तारायंत्र व वृत्तपत्रे ह्यांनी एका गावच्या रस्त्याचे भांडण दुसऱ्या गावच्या रस्त्यावर आणून ठेवले.

त्याच वर्षी गिरगावातील केशवजी नाईक ह्यांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला. मुंबईतील हा पहिला समजला जातो. पुण्यात भाऊसाहेब रंगारी ह्यांनी त्याआधीच्या वर्षी आरंभ केला होता. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून ह्या उपक्रमास बळ दिले आणि १८९४ पासून त्यास संघटित रूप आले. घरोघरी होणारी पूजा आता चाळीच्या अंगणात व चौकात आली; मेळे, पदे, व्याख्याने व विसर्जनाची एकत्र मिरवणूक ही तिची अंगे बनली. ह्या उत्सवाच्या हेतूंविषयी पुष्कळ वाद झाला आहे. राष्ट्रीय जागृती हा एक हेतू होताच. परंतु हिंदूंनी ताबुतांतून अंग काढून घ्यावे, हाही त्या वेळच्या प्रचाराचा भाग होता, हे त्या काळची पत्रे पाहणाऱ्यास नाकारता येणार नाही. १८९४ मध्ये पुण्यात हिंदूंनी ताबुतांवर बहुतांशी बहिष्कार घातला. मुंबईतही हिंदूंचा सहभाग पुढे ओसरत गेला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाने जे बाह्य रूप धारण केले ते ताबुतांच्या रूपाशी फार मिळतेजुळते होते. वस्तीची वर्गणी, वस्तीची मूर्ती, दहा दिवसांचा मुक्काम, वेषधारी मेळे, परस्परांतील चढाओढ आणि अखेरीस पाण्यात विसर्जन, ह्या सर्व गोष्टी मोहरमच्या टोळ्यांनी शहराच्या अंगवळणी पाडल्या होत्या. रिचर्ड कॅशमन, जिम मॅसेलॉस प्रभृती अभ्यासकांनी ह्या साम्याकडे लक्ष वेधले आहे. गणेशपूजा प्राचीन आहे व तिचे विसर्जनही ताबुतांवरून आलेले नाही. तरी शहरातील रस्त्यावर वस्तीने मिळून सण कसा करावा, ह्याचे शिक्षण हिंदू व मुसलमान कष्टकऱ्यांनी एकत्र घेतले होते. ज्या वर्षी ते एकमेकांपासून दूर झाले त्या वर्षीही त्यांची शिस्त एकाच आखाड्यातली होती. ह्या घटनेत मोठे लाभ व मोठी हानी दोन्ही आहेत, आणि इतिहासकाराने एकीसाठी दुसरी लपवू नये.

७

मोहरमच्या जुन्या रूपाचा शेवट मात्र हिंदूंच्या बहिष्काराने झाला नाही. तो पोलिसांच्या नियमांनी झाला. १९०८ च्या मोहरमात शिया-सुन्नी दंगा झाला. जानेवारी १९११ च्या मोहरमात पुन्हा दंगल उसळून लष्कराला गोळीबार करावा लागला. तेव्हाचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स हे शहराच्या गॅझेटियरचे संपादक व येथील लोकजीवनाचे जाणते अभ्यासक होते. टोळ्यांचा हा प्रकार धर्माचा भाग नसून दांडगाईचा आहे, असे त्यांचे मत झाले व १९१२ पासून नवे नियम अमलात आले. टोळ्यांच्या फेऱ्या बंद झाल्या व मार्गांवर निर्बंध आले. अनेक मोहल्ल्यांतील ताबुतांचा थाट त्यानंतर ओसरला, आणि वर्गणीचा पैसा व लोकांचे लक्ष वाझ, म्हणजे धार्मिक प्रवचने, ह्यांकडे वळले.

ह्या निर्णयाने शहरास शांतता लाभली, ह्यात संशय नाही. परंतु तिची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. टोळी हा प्रकार दांडगा होता, पण मिश्रही होता. वाझ शिस्तीचा होता, पण तो एकाच धर्माच्या श्रोत्यांचा होता. रस्त्यावरची मिसळ गेली व प्रत्येक समाज आपापल्या सभामंडपात अधिक शुद्ध, अधिक सुशिक्षित आणि अधिक वेगळा झाला. १९१० च्या सुमारास गणेशोत्सवातील मेळ्यांवरही सरकारने कडक निर्बंध घातले. १६७७ मध्ये भिंतीच्या आत दिलेले धर्मस्वातंत्र्य जणू पुन्हा भिंतीच्या आत नेले जात होते.

८

‘सार्वजनिक’ ह्या शब्दाची खरी कसोटी मात्र दोन धर्मांच्या सीमेवर लागली नाही. ती हिंदू समाजाच्या आतच लागली. वर्गणी सर्वांची, चौक सर्वांचा, मग पूजेचा अधिकार कोणाचा? १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात हा प्रश्न उघडपणे उभा राहिला. अस्पृश्य मानलेल्या हिंदूंनाही मूर्तीच्या पूजेचा अधिकार असला पाहिजे, अशी मागणी प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर सी. के. बोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरही तिच्या पाठीशी होते. हे तेच बोले, ज्यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असे मुंबई विधिमंडळाने मान्य केले होते व ज्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला. पाणवठ्याचा व मंडपाचा प्रश्न एकच होता : ‘सार्वजनिक’ म्हणताना ‘जन’ ह्या शब्दात कोण कोण येते? दादरच्या वादात तडजोड झाली, पण कटुता राहिली. त्याच वर्षी प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सवाचा उपक्रम सुरू केला.

ह्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणत्याही जुन्या सणाने दिले नाही. ते शहरात नवा दिवस निर्माण करून मिळाले. डॉ. आंबेडकरांच्या पार्थिवावर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रतीरी अंत्यसंस्कार झाले. तेथील चैत्यभूमीवर दरवर्षी ६ डिसेंबरला देशभरातून अनुयायांचा जो समुदाय लोटतो तो सणाचा नव्हे, स्मरणाचा आहे. तरीही तिथी, वाट आणि पाणी ह्या तिहींवर हक्क सांगणारा तो मुंबईतील एक महान सार्वजनिक प्रसंग आहे. पूर्वी ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते त्यांनी समुद्रकिनाराच आपल्या स्मरणाचे स्थान केले.

गिरण्यांच्या परिसरातही असेच नवे हक्क निर्माण झाले. पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडल्यावर कोळी व विक्रेते ह्यांनी कायम जागेसाठी नवस केला व तो फळल्यावर १९३४ मध्ये लालबागचा गणपती बसविला. हा नवस स्वर्गाचा नव्हता. बाजाराच्या जागेचा होता. रत्नागिरीकडून आलेल्या कामकऱ्यांच्या चाळी, मासळी व भाजी विकणाऱ्यांचे चौक ह्यांनी ह्या उत्सवाला जे रूप दिले ते पुण्याच्या सभा-व्याख्यानांच्या रूपाहून वेगळे होते.

९

ही वाटणी पुन्हा एकदा फार मोठ्या प्रमाणावर मोडली ती शंभर वर्षांनी. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यावर मुंबईत डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये ज्या दंगली झाल्या त्यांत ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात रस्त्यावरच्या महाआरत्यांचा सविस्तर विचार आहे. मशिदीत जागा अपुरी पडल्याने रस्त्यावर होणाऱ्या नमाजास उत्तर म्हणून त्या योजल्याचे सांगितले गेले. येथे सणही नव्हता आणि तिथीही नव्हती. केवळ रस्त्यावरील हक्क उरला होता. उपासनेतून तिथी व परंपरा वजा केली म्हणजे काय शिल्लक राहते, हे त्या हिवाळ्यात शहराने पाहिले. त्यानंतर पोलीस आयुक्त सतीश सहानी ह्यांच्या काळात वस्त्यावस्त्यांतून मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. मिरवणुकीचा मार्ग, वाद्यांची वेळ, मशिदीसमोरून जाताना घ्यावयाची काळजी असे लहान लहान विषय त्यांच्या बैठकांत आले. हे विषय लहान खरे. परंतु मागील दोनशे वर्षांतील मोठे अनर्थ ह्याच लहान विषयांच्या हेळसांडीतून झाले होते.

आजच्या नियमांतही वाटणीचे हेच तत्त्व दिसते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे. परंतु वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकारला ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. गणेशोत्सव, नवरात्र, ईद-ए-मिलाद, आंबेडकर जयंती, नाताळ अशा प्रसंगांत हे मोजके दिवस वाटून द्यावे लागतात. समुद्राचीही गोष्ट तीच. वाढत्या मूर्ती व प्लास्टरचा गाळ ह्यांमुळे कृत्रिम तलावांचा उपाय पुढे आला. पाणी आता अमर्याद राहिलेले नाही.

ह्या पार्श्वभूमीवर अलीकडच्या तीन वर्षांतील घटना अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारख्या आहेत. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईतील मुस्लिम संघटनांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले. २०२४ मध्ये ईद १६ सप्टेंबरला व अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. मिरवणूक १८ ला निघाली व शासनाने मुंबईतील सुट्टीही त्या दिवशी नेली. २०२५ मध्ये हेच दिवस अनुक्रमे ५ व ६ सप्टेंबरला आले आणि मिरवणूक ८ सप्टेंबरला झाली. तिथी श्रद्धेच्या अधीन होती, ती बदलली नाही. प्रार्थना आपल्या दिवशी झाल्या. बदलला तो रस्त्याचा दिवस. तिथी व वाट ह्या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे १८९३ च्या शहरास उमगले नव्हते. ते येथे कृतीत दिसले.

ह्यावर कोणी म्हणेल की तीनही वर्षे एकाच समाजाने माघार घेतली. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यास ऐक्याच्या गौरवाने उत्तर देणे योग्य नव्हे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन तिथीवाचून होऊ शकत नाही व मिलादची मिरवणूक प्रार्थनेहून वेगळी काढता येते, हे कारण समजण्यासारखे आहे. तरीही जे एका पक्षाने दिले ते ऋण म्हणून स्मरणात ठेवणे दुसऱ्याचे कर्तव्य ठरते. वाटणी टिकते ती देणे-घेणे दोन्ही बाजूंनी चालू राहिले तरच.

येत्या काही वर्षांत हे सण पंचांगाच्या गतीने पुन्हा एकमेकांपासून दूर जातील, आणि चालू शतकाच्या मध्याच्या आगेमागे पुन्हा एकत्र येतील. तेव्हा आज बैठकीस बसलेली माणसे नसतील. चंद्र आपल्या गतीने चालेल व शहर अधिकच दाट झालेले असेल. त्या वेळच्या लोकांनी आजच्या ह्या तीन वर्षांच्या नोंदी उघडून पाहाव्यात व त्यांवरून आपला मार्ग ठरवावा, एवढ्यासाठी तरी त्या जपून ठेवल्या पाहिजेत. दंग्यांच्या चौकशीचे अहवाल दप्तरात आपोआप जमा होतात; न झालेल्या दंग्यांची नोंद मात्र कोणी तरी मुद्दाम करावी लागते.